कॅपोबद्दल काका काय म्हणाले होते

सकाळचे सव्वाआठ झाले होते. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची होती, लेक एक मोजा हातात धरून दुसरा शोधत होती आणि नवरा अर्ध्या गालाला फेस लावून बेसिन तुंबल्याची तक्रार करत होता. ही तक्रार तो चार दिवस करत होता आणि चार दिवस मी "हो" म्हणत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. आमच्याकडे बेल आहे, चालूही आहे. तरी थापच पडली, आणि एक नाही, लागोपाठ तीन.

नवऱ्याने दार उघडलं आणि फेसासकट दोन पावलं मागे आला. "तुझ्याकडे आलेत," एवढंच म्हणाला.

दारात वाद्यांच्या दुकानातले काका उभे होते. महिन्यापूर्वी लेकीच्या गिटारसाठी मी त्यांच्याकडून कॅपो घेतला होता. कॅपो म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा. तो सगळ्या तारा एकदम दाबून धरतो, आणि गाणाऱ्याच्या गळ्याला सोसेल तिथे सूर नेता येतो. या काकांना दुकानात सगळे मोजपट्टी म्हणतात. शर्टाच्या खिशात सहा इंची पोलादी पट्टी कायम असते, आणि गिऱ्हाईक गिटार घेऊन आलं की आधी पट्टी बाहेर येते, मग शब्द. शब्दही इतके हळू की काउंटरवर वाकून ऐकावे लागतात. पत्ता त्यांच्याकडे होता, कारण पावती त्यांनीच लिहिली होती.

त्या दिवशी मात्र वाकावं लागलं नाही.

"ताई, तुम्ही शिकलेल्या ना?"

मी म्हटलं, हो, पदवी आहे.

"मग ऐकलेलं धड लिहिता का येत नाही?"

मागे बाथरूमचं दार लागल्याचा आवाज आला. माझा नवरा संकटाच्या वेळी नेहमी दाढी पूर्ण करायला जातो.

माझं डोकं फिरलं, खोटं कशाला सांगू. माझ्याच दारात, सकाळच्या घाईत, उभ्या उभ्या कुणी माझी शिकवणी घ्यावी, हे मला चालण्यासारखं नव्हतं. पण जिना चढून माणसाला धाप लागलेली, कपाळाची शीर फुगलेली. मी म्हटलं, आधी आत या, मी गॅस बंद करते, मग भांडू. ते आले आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसले. टेकले नाहीत.

काय लिहिलं होतं मी? कॅपो घेतल्यावर दुकानाकडून फोनवर निरोप आला होता, आमच्या पानावर अभिप्राय द्या म्हणून. मला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटलं होतं. कुठल्या दुकानात हल्ली कुणी म्हणतं, "हा महागाचा नका घेऊ"? मी पोळ्या झाल्यावर बसून, दोनदा खोडून, छान चार वाक्यं लिहिली. "इथले मोजपट्टीकाका प्रामाणिक आहेत. महाग कॅपोंना काही अर्थ नसतो, असं त्यांनी स्वतः सांगितलं. साध्यातल्या साध्या कॅपोने सगळं भागतं. पैसे वाया घालवू नका." लोकांना ते आवडलं. दोनशेच्या वर अंगठे आले. मी ते नवऱ्याला दाखवलंही होतं.

त्या चार वाक्यांनी काय केलं ते काकांनी मला त्या खुर्चीच्या कडेवर बसून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यापासून लोक फोन पुढे धरून दुकानात येऊ लागले. गिटार आणायची नाही, कुठली आहे ते सांगायचं नाही, "तो साध्यातला साधा द्या" म्हणायचं. काकांनी विचारलं, मान कशी आहे, सपाट की गोल, की उत्तर यायचं, तुम्हीच म्हणालात ना सगळं भागतं. मग एक गाणारा आला. कार्यक्रम करून पोट भरणारा माणूस. काका नेमके जेवायला गेले होते. त्याने माझं वाचून पेटीतला सगळ्यात स्वस्त, कडक स्प्रिंगचा चाप उचलला. दोनशे माणसांपुढे पहिल्याच गाण्यात तारा चढ्या बोलायला लागल्या. हा जुळवतोय, लोक चुळबुळतायत, पुन्हा जुळवतोय. दुसऱ्या दिवशी त्याने तो चाप काउंटरवर असा टाकला की उडून मालकाच्या पायाशी पडला. आणि वर फोन काकांच्या नाकासमोर धरला. हे तुमचेच शब्द ना?

"माझे नव्हते," काका म्हणाले. "पण त्यात नाव माझं होतं."

मालकांनी त्याच दिवशी त्यांना मागच्या खोलीत बसवलं. पंचवीस वर्षं काउंटरवर उभा असलेला माणूस आता खोक्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवतो. खोलीला खिडकी नाही, मध्ये फक्त लाकडी आडोसा. पुढे नवीन मुलगी ठेवली आहे. मुलगी चांगली आहे, असं ते दोनदा म्हणाले. पण ती गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारते, "काळा हवा की सोनेरी?" ते आडोशामागून ऐकतात आणि हातातली चिठ्ठी वाकडी चिकटते.

मला फार ओशाळल्यासारखं झालं, आणि ओशाळलं की माझा आवाज चढतो. तुमचा मालक असा कसा, एका गिऱ्हाइकाच्या लिहिण्यावरून जुन्या माणसाला असं उचलून ठेवतो? मी आत्ता पुसते ते सगळं. मी फोन हातात घेतलासुद्धा.

काका उठून उभे राहिले. "खबरदार पुसलंत तर. मालकही तेच म्हणतात. पुसून आणा, मग काउंटरचं बघू. पुसलं म्हणजे काय होईल? मोजपट्टी काहीतरी बरळला आणि मग पाय धरून पुसून घेतलं, एवढंच उरेल. मी बरळलो नव्हतो. मी बरोबर सांगितलं होतं. तुम्ही चुकीचं लिहिलंत."

मी म्हटलं, पण मुद्दा तोच होता ना, की महागाचा घेऊ नका.

त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की लेक मोजा शोधायची थांबली. मग त्यांनी तिलाच सांगितलं, "बाळा, तुझी गिटार आण."

ती गिटार मूळची माझ्या बहिणीची. नायलॉनच्या तारांची, रुंद मानेची. काकांनी खिशातून रुमाल काढला, सोडला, तर आत तीन कॅपो. पोलादी पट्टी त्यांनी गिटारच्या मानेवर आडवी ठेवली आणि मला खाली वाकून बघायला लावलं. पट्टीखालून उजेड दिसतो का? नाही दिसत. म्हणजे मान सपाट. मग स्वयंपाकघरात जाऊन, न विचारता, ओट्यावरचं लाटणं घेऊन आले. त्यावर पट्टी ठेवली. मध्ये टेकली, दोन्ही कडांना उजेड. "पोलादी तारांच्या गिटारची मान अशी. इतकी गोल नाही, पण जात हीच."

मग महागाचा कॅपो लेकीच्या गिटारला लावला. सुंदर वस्तू होती, चकचकीत, मागे बारीक स्क्रू. "वाजव." तिने वाजवलं. कडेच्या तारा बोलल्या, मधल्या दोन डब्यात खडे हलावेत तशा खरखरल्या. त्या कॅपोचं रबर गोल मानेसाठी आतून वळवलेलं होतं. सपाट मानेवर त्याच्या कडा दाबतात आणि मधला भाग तारांवर नीट बसतच नाही. "म्हणून तुम्हाला म्हणालो, या गिटारला हा नको. या गिटारला."

मग आमच्यासारखाच, सपाट रबराचा. सहाही तारा स्वच्छ. लेक म्हणाली, "आई, हे मी तुला त्या दिवशीच सांगत होते, तू बिल बघत होतीस." मी तिला शाळेची वेळ झाल्याची आठवण करून दिली. ती हलली नाही.

तिसरा तो कडक स्प्रिंगचा, गाणाऱ्याने फेकलेला. तो त्यांनी गिटारला लावलाच नाही. स्वतःच्या बोटाला लावला. काढल्यावर बोटावर पांढरा खळगा. मग महागाचा त्याच बोटाला लावला आणि स्क्रू हळूहळू फिरवत नेला, नुसता टेकेल इथपर्यंत. "तारेला एवढंच पुरतं. त्याहून जास्त दाबलं की सूर वर चढतो. पोलादी तारा, गोल मान, रोज लोकांसमोर तीन तास, आणि दर गाण्याला कॅपो वर-खाली. त्या गाणाऱ्याला मध्ये जुळवत बसायला वेळ नसतो. त्याने हा घ्यावाच. मी त्याला हाच दिला असता." पुन्हा रुमालात ठेवता ठेवता म्हणाले, "यातला निम्मा पैसा चकाकीचा आणि खोक्याचा आहे, हेही मी म्हणालो होतो. निम्मा. तुम्ही सगळा लिहिलात."

मला त्यांना शाबासकी द्यायची होती, आणि देताना त्यांच्या बोलण्यातले "या गिटारला", "निम्मा", "कधी कधी" हे सगळे खडे मी निवडून टाकले होते. वाक्य गुळगुळीत व्हावं म्हणून. त्यांची विद्या त्या खड्यांतच होती.

नवरा गुळगुळीत दाढी करून बाहेर आला आणि, त्याच्या नावावर लिहून ठेवावं असं काम, सगळ्यांना चहा केला. चहावर काका थोडे निवले, पण राग गेला नव्हता. फक्त आता तो माझ्याशिवाय इतरांनाही वाटून मिळत होता. सतराव्या वर्षी ते त्या दुकानात झाडू मारायला लागले. जुने मालक, म्हणजे आत्ताच्या मालकांचे वडील, बहिरे होत चालले होते, त्यांना तारा जुळवायला कान हवा होता. झाडू बाजूला ठेवून यांचा कान कामाला लागला. तेव्हापासून किती हजार गिटार जुळवल्या असतील, पण एक गाणं अखंड वाजवता येत नाही. घरी गिटार नाही. बायको म्हणते, माझ्याशी जितकं बोलत नाही तितकं त्या लोखंडाच्या तुकड्यांबद्दल बोलतोस, निदान एक तुकडा वाजवून तरी दाखव. आता तेही बोलणं बंद झालंय. गेले पंधरा दिवस घरी आल्यावर ती विचारते, आज काय झालं, आणि हे सांगतात, चिठ्ठ्या चिकटवल्या.

आजचे मालक वाईट नाहीत, घाबरट आहेत, असं त्यांचं मत. महागाचा माल कपाटात पडून राहिला की त्यांना झोप लागत नाही. त्यांना वाटतं मोजपट्टी त्यांच्याच मालाची बदनामी करत सुटलाय. आणि मोजपट्टीला वाटतं, चुकीच्या मानेला चुकीचा कॅपो विकणं हीच मालाची बदनामी. यावर दोघांचं दहा वर्षं वाजतंय. पण तरीही काउंटर काकांचाच राहिला, कारण बोट दाखवावं अशी एकही गोष्ट मालकांच्या हाती नव्हती. ती मी दिली. सोमवारी मालक त्या मुलीला कायम करणार आहेत. आज शुक्रवार.

मी म्हटलं, मी येते दुकानात. सांगते तुमच्या मालकाला चार शब्द, असे की लक्षात राहतील.

"नको," काका म्हणाले. "तुमच्या चार शब्दांचंच निस्तरतोय. मालकाशी मी बोलेन. माझ्या हातात दाखवायला खरं काहीतरी असू दे."

मग निदान नवीन अभिप्राय तरी चांगला लिहिते, असं मी ठरवलं आणि सुरुवात बोलून दाखवली. पंचवीस वर्षांचा अनुभव, हाडाचा जाणकार, कॅपो निवडण्यातला शेवटचा शब्द. काकांची शीर पुन्हा फुगली. शेवटचा शब्द कसला, ते म्हणाले, तारा बदलल्या की उद्या तोच कॅपो बसणार नाही. जाणकारबिणकार काढा. गिऱ्हाइकाने गिटार घेऊन दुकानात यावं, एवढं त्यातून झालं पाहिजे. मी म्हटलं, बरं, मग साधंच लिहिते, दुपारी सगळं आवरलं की शांतपणे बसून लिहिते, संध्याकाळपर्यंत पडलेलं असेल.

लेक एकाच पायात मोजा घालून दप्तर उचलून निघाली. जाताना तिने काकांना विचारलं, माझ्या मैत्रिणीची गिटार पोलादी तारांची आहे, तिला कुठला? ते म्हणाले, आणायला सांग, न बघता मी काही सांगत नाही.

मग त्यांनी कप खाली ठेवला, पट्टी खिशात अडकवली, पण उठले नाहीत. पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले. दुकान साडेदहाला उघडतं, म्हणाले, मला वेळ आहे.

"ताई, दुपारी नको. आत्ता लिहा. आणि पाठवायच्या आधी मला एकदा वाचून दाखवा."