मांडीवर ठेवायचा हात

हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. मंदाला, म्हणजे बायकोला, अर्धं ठाऊक आहे, पण तेही तिने डोळ्यांनी पाहिलं म्हणून, मी सांगितलं म्हणून नव्हे. उरलेलं अर्धं माझ्याबरोबर सरणाच्या लाकडात जाणार असं मी धरून चाललो होतो. पण गेल्या महिन्यात पुतणीने एक साधा प्रश्न विचारला आणि – काय सांगू तुम्हाला – घशाशी आलं सगळं.

पूर्वा तिचं नाव. सरावलीला राहते. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवर लागली, कंत्राटावर. हातात एक फॉर्म घेऊन आली आणि म्हणाली, "काका, युनियनवाले सही मागतायत. करू का? सगळे म्हणतात काही उपयोग नसतो त्यांचा." मला विचारणारच ना ती. डहाणूजवळच्या आगरसारख्या गावात विमानाखाली सव्वीस वर्षं काढलेला माणूस दुसरा कोण? आणि त्यातली बारा वर्षं युनियनचा प्रतिनिधी.

मी तिला तासभर भाषण दिलं. कानाला लावायची कवचं मिळाली ती कशी, उन्हात पिण्याचं पाणी आलं ते कसं, बायकांच्या शिफ्टला घरी सोडणारी गाडी सुरू झाली ती कशी. सगळं खरं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. जी सांगितली असती तर बाकी काही सांगावंच लागलं नसतं.

आधी जरा त्या दिवसांबद्दल बोलू द्या. मुद्दा टाळतोय असं वाटेल तुम्हाला. टाळतोच आहे.

काय दिवस होते ते. आम्ही लोडर. विमानाच्या पोटात सामान चढवायचं, उतरवायचं. पार्ल्याला एका खोलीत पाच जण राहायचो आणि सुट्टीला घरी यायचो. विमानाच्या तेलाचा वास अंगाला असा बसायचा की घरी आलो की मंदा माझे कपडे चिकूच्या झाडाखाली टाकायला लावायची, घरात घेऊ द्यायची नाही. आज कुठे तो वास आला तर मी उभा राहतो. खरंच उभा राहतो, रस्त्यात.

आणि देवजी. तलासरीच्या आतल्या पाड्यातला. घरी भात-नागलीची शेती, शाळा सातवीपर्यंत. आम्ही एकाच आठवड्यात लागलो. पहिल्या दिवशी तो विमानाच्या चाकापाशी जाऊन उभा राहिला, चाकाला हात लावला आणि म्हणाला, "गरम हाय रं." बस, एवढंच. बैलाच्या अंगाला हात लावावा तसा. पुढे पुढे तो आवाजावरून सांगायचा कोणतं विमान उतरलं ते, पाठ करून बसलेला असायचा, आणि पैज लावून आमच्याकडून चहा उकळायचा. डब्यात त्याची नागलीची भाकरी आणि माझी सुक्या बोंबलाची चटणी. भाकरी घरची म्हणून मी त्याची खायचो, तो माझी चटणी. मला सुरेशभाई म्हणायचा. आमच्याकडे गुजरातीच्या संगतीने सगळेच भाई होतात, पण त्याच्या तोंडी ते निराळं वाटायचं.

हा माणूस गप्प. साहेब समोर आला की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. कॅन्टीनमध्ये नकला करून हसवणारा देवजी ऑफिसच्या दारात गेला की दगड. बऱ्याच जणांचं तसं व्हायचं. म्हणून तर युनियनच्या जुन्या सेक्रेटरींनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एक पद्धत घालून दिली होती. कुणावर आरोप आला की कंपनी चौकशी लावते. चौकशीत कामगाराला आपल्या बाजूने एक सहकारी सोबत नेता येतो, तो प्रतिनिधी. अण्णा म्हणायचे, "साहेब मुद्दाम घाईचे प्रश्न विचारतो, माणूस घाबरून नको ते कबूल करतो. म्हणून तुम्ही शेजारी बसायचं. आणि त्याला बजावायचं – टेबलाखाली मी मांडीवर हात ठेवला की बोल. तोवर तोंड उघडायचं नाही." किती जणांच्या नोकऱ्या त्या एका हाताने वाचल्या. माझ्याच हाताने वाचल्या काही, ते तरी कशाला लपवू.

आमच्याकडे पट्ट्याची एक गाडी होती. विमानाच्या दाराला नेऊन लावायची, पट्ट्यावरून सामान वर जातं. तिचा ब्रेक नीट लागत नव्हता. मी प्रतिनिधी म्हणून लेखी तक्रार दिली, ऑफिसचा शिक्का मारून प्रत घेतली. गाडी कुणी दुरुस्त केली नाही. आठ दिवसांनी दुसरी गाडी नव्हती म्हणून साहेबांनी देवजीला तीच घ्यायला लावली. ती घसरली आणि विमानाच्या दाराच्या कडेला लागली. पत्रा दबला, विमान अडकलं, प्रवासी ताटकळले. देवजीला आरोपपत्र – निष्काळजीपणा. आणि ऑफिसात माझी तक्रार सापडेना. आता जगात एकच कागद होता, माझ्या हातातली प्रत.

देवजीने प्रतिनिधी म्हणून माझं नाव दिलं. दुसरं कुणाचं देणार होता? मी त्याला तीनदा पढवलं. काय विचारतील, काय सांगायचं. "साहेब, गाडीचा ब्रेक लागत नव्हता. हे आधी लेखी दिलं होतं. मला हीच गाडी घ्यायला सांगितली." तीन वाक्यं. आणि शेवटी तेच – "मी मांडीवर हात ठेवला की बोल. तोवर गप्प." तो हसून म्हणाला, "मना काय त्रास नाय गप बसायचा."

चौकशी सोमवारी होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. बसायला खुर्ची दिली. मला, लोडरला. चहा मागवला. म्हणाले, सुपरवायझरच्या यादीत तुमचं नाव वर आहे सुरेश, आता हे युनियनचं वगैरे दुसऱ्या कुणाला करू द्या. देवजीचं नावही काढलं नाही त्यांनी. धमकी नाही, आवाज चढवला नाही, काही नाही. मी 'विचार करतो' म्हणालो आणि कपबशी जपून खाली ठेवली.

तुम्हाला वाटेल मी तीन दिवस तळमळलो. नाही हो. मी शनिवारी घरी आलो, जेवलो, झोपलो. सोमवारी सकाळी डहाणू रोडला जाऊन टेलिफोनच्या बूथवरून फोन केला – ताप आहे, येत नाही. आणि इथे नीट ऐका, कारण इथेच माझी लबाडी आहे. हा फोन मी आमच्या खात्यात केला. युनियनच्या ऑफिसला केला नाही. त्यांना कळवलं असतं तर अण्णांनी अर्ध्या तासात दुसरा माणूस पाठवला असता, नाहीतर तारीख मागून घेतली असती. नंबर मला पाठ होता. बूथवाला विचारत होता, "अजून लावायचाय का?" मी म्हटलं, नाही.

मला ताप नव्हता. घरी येऊन मी वाडीत चिकू काढायला गेलो.

संध्याकाळी ऊन उतरत होतं तेव्हा वाडीच्या फाटकाशी देवजी दिसला. हातात पिशवी. मी जाळीची काठी टाकली आणि मागच्या दाराने घरात शिरून अंथरुणात पडलो, अंगावर गोधडी ओढली. मंदाने ते पाहिलं. दार उघडून त्याला म्हणाली, "या भावोजी. आत्ताच जरा उतरलाय ताप." पुढे कित्येक वर्षं मला वाटत राहिलं, तिने त्या दिवशी खरं बोलून टाकायला हवं होतं. म्हणजे बघा, माझं काम मी बायकोवर ढकलत होतो.

त्याने मोसंबी आणली होती आणि ग्लुकोजचा पुडा. माझ्या तापाचं खात्यात कळलं तसा चौकशीतून सरळ इकडे आला होता, घरीसुद्धा गेला नव्हता. उशाशी बसला आणि सांगू लागला. काय झालं त्यापेक्षा कसं झालं तेच जास्त. शेजारी खुर्ची ठेवली होती म्हणे, माझ्यासाठी. साहेबांनी विचारलं, प्रतिनिधी कुठे? हा गप्प. आरोप मान्य आहेत का? हा गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. मग लिहून काढलं की कामगाराने आरोप नाकारले नाहीत, आणि सही घेतली.

मी म्हटलं, अरे, बोलायचं ना. तीन वाक्यं पाठ होती तुला.

"तूच बोललेला ना, हात ठेवीन तवा बोल," तो म्हणाला. "हातच नाय, तर मी कसा बोलू?"

यात राग नव्हता. मी सांगितलं तसंच आपण वागलो, एवढी खात्री त्याला मला द्यायची होती. मग त्याने गोधडीत हात घालून माझा हात धरला, ताप बघायला, आणि म्हणाला, "थंड हाय. बरा झाला तू." माझ्या हाताला चिकूचा चीक होता, धुवायला वेळच मिळाला नव्हता. चिकट हात. त्याच्या बोटांना लागला असणारच. त्याला कळलं का? मी विचारलं नाही, त्याने दाखवलं नाही.

पंधरा दिवसांत त्याला काढलं.

इथे थांबलो असतो तर निदान एकच पाप राहिलं असतं. अण्णा म्हणाले, कोर्टात जाऊ, तुझ्याकडे तक्रारीची शिक्क्याची प्रत आहे, तेवढी पुरे. मी म्हटलं, सापडत नाही. खोलीत पाणी शिरलं होतं त्यात गेली असेल. ती माझ्या ट्रंकेत होती, लग्नाच्या फोटोखाली. कागदाशिवाय प्रकरण लांबलं, पेरणी आली, आणि देवजीने सोडून दिलं. दिवाळीनंतर मी सुपरवायझर झालो. नवा शर्ट, खांद्यावर पट्टी. प्रतिनिधीचं काम सोडलं. लोक म्हणाले, सुरेशला मित्राचं फार लागलं, म्हणून सोडलं. मी तेही ऐकून घेतलं.

मैत्री तुटली असेल असं वाटतं ना? नाही तुटली. तुटली असती तर बरं, असं मला कितीदा वाटलं. तो माझ्या मुलीच्या लग्नाला आला, त्याच्या पोरांच्या लग्नांना मी गेलो. पाड्यावर कुणाशीही तो माझी ओळख करून देतो – "हा आमचा युनियनवाला. हा त्या दिवशी आजारी नसता ना, तर मी अजून विमानाखाली असतो."

तर पूर्वा फॉर्म घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी मी ट्रंक उघडली. कागद पिवळा पडलाय, शिक्का वाचता येतो. शर्टाच्या खिशात घातला आणि तलासरीची बस धरली. ठरवलं, आज सांगायचं, कागद त्याच्या हातात द्यायचा, मग तो काय करील ते करो.

देवजी अंगणात होता. भात झोडून झालं होतं, पेंढा रचलेला. आता त्याला कमी ऐकू येतं, विमानांनी दोन्ही कान खाल्ले. खाटेवर शेजारी शेजारी बसलो. सुनेने चहा आणला. जुन्या गोष्टी निघाल्या, भाकरी, बोंबील, चहाच्या पैजा. तो नकला करत होता, मी हसत होतो, मनापासून हसत होतो. मग मला वाटलं, आता. तो दुसरीकडे बघत होता, ऐकू येत नाही म्हणून त्याचं लक्ष वेधायला मी त्याच्या मांडीवर हात ठेवला.

तो थांबला. हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हसला. "आता ठेवला होय," म्हणाला. आणि ताठ बसला, समोर बघून, अंगणातल्या पेंढ्याकडे बघून, साहेबासमोर बोलावं तसा मोठ्याने बोलला –

"साहेब, गाडीचा ब्रेक लागत नव्हता. हे आधी लेखी दिलं होतं. मला हीच गाडी घ्यायला सांगितली."

माझी तीन वाक्यं. मी शिकवलेल्या शहरी मराठीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. सून दारात येऊन बघायला लागली. आणि त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर बोललू ना?"

मी म्हटलं, "बरोबर बोललास."

कागद माझ्या खिशात होता. चहा संपवला, सुनेला येतो म्हटलं, आणि पाचच्या बसने डहाणूला परत आलो. कागद आता पुन्हा ट्रंकेत आहे, फोटोखाली.