हिरवा खडू

आमच्या समोरच्या घरातल्या काकूंइतकी उसनं मागणारी बाई साऱ्या कॅरी गावात नसेल, आणि गरज नसताना उसनं मागणारी तर अख्ख्या अमेरिकेत नसेल. नागपूरहून मुलाकडे राहायला आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्या विरजण मागायला आमच्या दारात उभ्या. मुलाच्या फ्रिजमध्ये तेव्हा दह्याचा बादलीएवढा डबा होता, हे मला मागाहून कळलं. मग आमचं गाळणं गेलं, खलबत्ता गेला, छत्री गेली, तीही लख्ख उन्हात. कोपऱ्यावरच्या अमेरिकन म्हाताऱ्याकडून त्यांनी शिडी आणली, आणि शिडीच्या पाठोपाठ त्याच्या बागेतले टोमॅटोही आले. परत करायची घाई मात्र मुळीच नसे. "परत दिलं की संपलं ना गं," त्या म्हणायच्या. "आई, ऑर्डर करू ना!" असं मुलगा ओशाळून म्हणाला, की त्या त्याच्याकडे नुसत्या दयेने बघायच्या.

ऑगस्टमध्ये आमची रेवा किंडरगार्टनमध्ये जाऊ लागली. तिच्या बॅगेत मी काही म्हणजे काही कमी ठेवलं नव्हतं. तरी ती रोज एकच वाक्य घेऊन घरी यायची, "नोबडी प्लेज विथ मी." मी टीचरला ईमेल केली, अनोळखी आयांना प्लेडेटसाठी मेसेज केले, मैत्रीवरची चित्रांची पुस्तकं आणली. सकाळी बसमध्ये चढताना ती मागे वळून बघायची.

काकूंनी एकदा बसस्टॉपवरच तिची बॅग उघडली आणि निदान केलं. "बाप्पा, सगळंच आहे हिच्याजवळ! मग ही कशाला जाईल कुणाकडे?" असं म्हणून त्यांनी रंगपेटीतला हिरवा खडू काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला. तेवढ्यात बस आली म्हणून मला भांडता आलं नाही.

त्या दिवशी रेवा निळं झाड काढून घेऊन आली. "मानी आहे पोरगी," काकू कौतुकाने म्हणाल्या, आणि आमच्या हॉलमध्ये त्यांनी तालीमच लावली. स्वतः अमेरिकन मुलगी होऊन सोफ्यावर पाय घेऊन बसल्या. "कॅन आय बॉरो युअर ग्रीन?" रेवा पुटपुटली. "नो!" काकू गरजल्या. रेवाचे ओठ थरथरू लागले. "अगं, नाही म्हणाली तर दुसरीला विचारायचं. मला काय सगळे देतात होय? त्या पलीकडच्या बाईनं तर तोंडावर दार लावलं!" हे त्यांनी इतक्या आनंदात सांगितलं, की रेवा खुदकन हसली.

दोन दिवसांनी ती एक मोडका हिरवा खडू मुठीत धरून आली. "इट्स मॅडीज. आय हॅव टू गिव्ह इट बॅक टुमॉरो." सकाळी बूट घालून ती माझ्या आधी दारात. "आजच कशाला? सावकाश दे," काकू तिच्या कानात सांगत होत्या.

थंडी पडली आणि काकूंचा परत जायचा दिवस आला. आदल्या दुपारी त्या पिशवी घेऊन आल्या. गाळणं, खलबत्ता, छत्री, सगळं घासूनपुसून. मला ती पिशवी हातात घ्यावीशीच वाटेना. "राहू द्या ना काकू," मी म्हटलं. "विमानात खलबत्ता नेऊ का गं?" त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

त्या गेल्यावर रेवानं पिशवी ओट्यावर उलटी केली आणि आत हात घालून कोपरेसुद्धा चाचपले. खडू नव्हता. मला वाटलं, आता ही रडणार. "आजी स्टिल हॅज माय ग्रीन," ती समाधानाने म्हणाली आणि मॅडीकडे खेळायला गेली.

रंगपेटीतली ती जागा अजून रिकामी आहे. नवा खडू आणू का, असं मी मध्ये एकदा विचारलं, तर काकू त्यांच्या मुलाकडे बघायच्या ना, अगदी तशाच दयेने तिनं माझ्याकडे बघितलं.