पोथी पुरात गेली तेव्हा

फवारणीच्या औषधाचा वास आला, की महापुरानंतरची ती सकाळ समोर उभी राहते. महाडच्या बाजारात गुडघाभर चिखल होता आणि मी कामाला होतो त्या पारशी बाईंच्या शेतीऔषधांच्या दुकानात फुटक्या बाटल्यांचा, भिजून फुगलेल्या पोत्यांचा ढीग पडला होता. त्यांची अवेस्ता या धर्मग्रंथाची पोथीही पुरात गेली होती; तरी त्यांनी कमरेची कस्ती, तो पवित्र दोरा, सोडली, पाठ असलेली प्रार्थना म्हणत पुन्हा बांधली आणि फावडं उचललं. शेजारचा दुकानदार आपला कुजलेला माल सावित्री नदीत लोटून आला होता. म्हणाला, "बाई, नदीनंच ही घाण केलीय, द्या तिच्यातच ढकलून. कोण बघतंय?" बाई ताठ उभ्या राहिल्या. "नदीला कळत नाही, मला कळतं. पाणी नासवणं आमच्या धर्मात पाप आहे. पोथी वाहून गेली, म्हणून पापही वाहून गेलं काय?" मग आम्ही सगळं विष पिंपांत भरलं, झाकणं घट्ट लावली, आणि पालिकेची गाडी येईपर्यंत त्या तोंडाला रुमाल बांधून पिंपांजवळ खुर्ची टाकून बसल्या. औषधांच्या उग्र वासानं डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण उठल्या नाहीत. नदीच्या खालच्या अंगाला, दासगावला माझ्या वडिलांची जाळी त्याच नदीत पडायची, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. आता बाई नाहीत. पण पुलावर कुणी पिशवी घेऊन कठड्याशी गेलं, की मी गाडी थांबवतो, उतरतो आणि हात पुढे करतो, "इकडे द्या."