फोटोमास्तरांचा सढळ हात

एक्स-रे विभागात त्यांना सगळे फोटोमास्तर म्हणत, आणि या गृहस्थांना ती पदवी वाटे. उभ्या नोकरीत अक्कल एकच कमावलेली: किरण सढळ हाताने सोडावेत, म्हणजे फोटो स्वच्छ येतो आणि डॉक्टर कुरकुरत नाहीत. पेशंटच्या अंगात गरजेपेक्षा किती जास्त गेलं, याची फिकीर त्यांनी कधी केली नाही.

नवं मशीन आलं तेव्हा बसवणारी इंजिनिअर बाई सांगत होती, "हे एकेक किरण वेगळा मोजतं, म्हणून अगदी थोड्यात भागतं. पण एकदम जास्त सोडलेत तर मोजणी चुकते आणि नसलेले पांढरे डाग दिसतात." पालथ्या घड्यावर पाणी! मास्तरांनी जांभई दिली. "कंजूस दिसतंय तुमचं मशीन."

त्यांच्या नातीचा पाठीचा कणा वाकत चालला होता. वाढ पुरी होईपर्यंत तिचे पुन्हापुन्हा फोटो लागणार होते, आणि त्या किरणांच्या धास्तीने तिच्या आईच्या, म्हणजे मास्तरांच्या मुलीच्या, डोळ्याला डोळा लागत नसे.

"बाबा, कमीत कमीच द्या हं," फोटोच्या दिवशी लेक म्हणाली.

"मला शिकवतेस?" म्हणत मास्तरांनी तिला बाहेर पाठवलं, मशीनने सुचवलेला किरणांचा आकडा खोडला आणि आपला जुना भरला.

पडद्यावर कणा उमटला, आणि शेजारी पोरीच्या छातीत तळहाताएवढा पांढरा डाग. मास्तरांना दरदरून घाम फुटला. मग इंजिनिअर बाई आठवली. हा डाग त्यांच्या सढळ हाताचाच! एखाद्याला शरम वाटली असती. यांनी गुपचूप तो फोटो पुसला, मशीनचा आकडा ठेवला आणि पोरीला पुन्हा उभं केलं. थोडक्या किरणांत फोटो लख्ख आला.

बाहेर मुलीने विचारलं, "दारावरचा किरणांचा दिवा दोनदा का लागला?"

"मशीनमध्ये खोट आहे. पहिल्या फोटोत छातीवर भलताच डाग आला. दुसरा कुणी असता तर तुम्हाला दवाखाने पालथे घालायला लावले असते."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! पण मुलीचे डोळे भरून आले. तिने बापाचा हात घट्ट धरला.

"तुम्ही होतात म्हणून! आता हिचे सगळे फोटो तुम्हीच काढायचे, बाबा. दुसऱ्या कुणाचा मला भरवसा नाही."

आणि हा निर्लज्ज माणूस "बरं" म्हणाला.