असा माणूस इथं नाही

नदीकडं उतरत जाणाऱ्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी जोतीराम पाटोळेची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या घरघरीवरून बोलायची सवय, त्यामुळं जोतीराम लग्नात, देवळात, मयतीलासुद्धा ओरडूनच बोलायचा. त्याच्या म्हाताऱ्या आईचं, झुंबरबाईचं, डोळ्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालेलं. मुलगी अनुजा सरकारी वसतिगृहात राहून नर्सिंग शिकत होती. दळणाला आलेलं कुणी सरकारला शिव्या द्यायला लागलं, की हा आधी गिरणी बंद करायचा आणि मग त्याला धरायचा.

"पावणं, पाणी कुणी आणलं गल्लीत? दिवा कुणी लावला? आपुन चुकलो न्हाय तर भ्यायचं कशापायी?"

मी निवृत्त शिक्षक, त्याच्या समोरच्या घरात राहतो. मला तो साक्षीला ओढायचा. "मास्तर, सांगा की ह्यास्नी!"

चैत्रातली जोतिबाची यात्रा होऊन थोडे दिवस झाले असतील. सकाळी गिरणीपुढं जीप थांबली. दोघे पोलीस उतरले. "जरा विचारायचं हाय. दोन मिनटं चला." जोतीरामनं पिठाचे हात बनियनला पुसले आणि बायकोला हाक मारली, "शेवंता, ज्वारी उतरून घे, आलोच." जाताना माझ्याकडं बघून त्यानं हातसुद्धा केला.

यात्रेत एका बाईचा दागिना गेला होता आणि कॅमेऱ्यात तिच्या मागं जोतीराम दिसत होता. त्याला विचारणं बरोबरच होतं. पण संध्याकाळ झाली तरी तो आला नाही. दुसऱ्या दिवशी शेवंता आणि मी चौकीवर गेलो.

टेबलामागचा साहेब वयानं मोठा होता. आवाज मऊ, बोलणं अदबीचं. शेवंता म्हणाली, "आमचं मालक हितं आणल्यात. जोतीराम पाटोळे. तेवढं भेटू द्या."

"बाई, असा माणूस इथं नाही," साहेब म्हणाला.

"साहेब, तुमच्याच जीपमधून नेलाय. मी बघितलंय," मी म्हणालो.

"तुमची काहीतरी चूक होतीय. असा माणूस इथं आणलेलाच नाही. पाव्हण्यारावळ्यांकडं चौकशी करा."

इतक्या शांतपणे बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? शेवंतानं तीनतीनदा विचारलं. उत्तर तेच. आम्ही बाहेर पडलो.

जोतीराम त्याच टेबलामागच्या लाकडी पार्टिशनपलीकडं बाकड्यावर बसलेला होता. त्यानं सगळं ऐकलं.

हे आम्हाला कळलं तो सुटून आल्यावर. खरा चोर सापडला आणि "जावा घरी, मनावर घेऊ नका," म्हणून त्याला सोडून दिलं. मारलं का, असं गल्लीनं विचारलं. "दोन चापट्या. त्याला मारणं म्हणत न्हाईत," तो म्हणाला. मग शेवंतानं त्याला माझ्यासमोरच विचारलं, "माझा आवाज ऐकू येत हुता, तर वरडला का न्हाईसा? सगळ्या गल्लीला ऐकू जातंय तुमचं बोलणं!"

जोतीराम हाताच्या रेषांत अडकलेलं पीठ खरवडायला लागला.

"वरडणारच हुतो गं. तोंड उघडलं बी. पण साहेब म्हणाला न्हाय, असा माणूस न्हाय. लई शांत म्हणाला. मला वाटलं, सरकार खोटं कशाला बोलंल? मग हितं बाकड्यावर कोण बसलंय?"

त्या दिवसापासून त्याचा आवाज खाली गेला तो गेलाच. गिरणी चालू असताना गिऱ्हाइकाला कान त्याच्या तोंडाजवळ न्यावा लागे. दारात कुणी "जोतीराम हाय का?" म्हणून हाक दिली, की आतून तोच म्हणायचा, "न्हाय." पहिल्यांदा गॅसवाला खदखदून हसला. त्याला ती थट्टाच वाटली. मग त्यानं जोतीरामचा चेहरा बघितला आणि टाकी ठेवून निमूट निघून गेला. अनुजाचा व्हिडिओ कॉल आला की हा विचारायचा, "मी दिसतोय न्हवं?" ती "दिसताय की आबा" म्हणायची. थोड्या वेळानं हा परत विचारायचा. गल्लीतून जीप गेली, कुणाचीही असो, तो गिरणी बंद करून पोत्यांमागं जाऊन उभा राहायचा. जीप गेल्यावरही लवकर बाहेर यायचा नाही. तिथं अंधारात पिठानं पांढरा झालेला तो माणूस मला एकदा दिसला, आणि खरं सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की तिथं कुणी नाही.

पावसाळ्यात पंचगंगा चढली. गाडीवरून सूचना फिरत होत्या, घरं सोडा, वरच्या अंगाला शाळेत चला. शेवंता झुंबरबाईला घेऊन शाळेत गेली. जोतीराम म्हणाला, "पोती माळ्यावर टाकतो नि येतो." तो आलाच नाही. पाणी गल्लीत शिरलं आणि भराभर वाढलं.

मला आणि शेजारच्या खैरुनबीला बचावपथकाच्या बोटीनं गच्चीवरून उतरवून घेतलं. खैरुनबी शिवणकाम करते, विधवा आहे, जीभ कात्रीसारखी. बोटीवरचा जवान वऱ्हाडातला, कोवळा पोरगाच. गिरणीपाशी त्यानं मोटर बंद केली आणि हाक दिली, "आत कोणी आहे का?"

माळ्याच्या झरोक्यातून आवाज आला, "न्हाय."

जवान चक्रावला. "अजी काका, तुम्हीच तर बोलून राहिले ना!"

"न्हाय. असा माणूस हितं न्हाय."

"येडं झालं ह्ये!" खैरुनबी किंचाळली. "हाय वो सायेब आत! जोतीराम, बाहेर ये, मुडद्या!" मीही हाका मारल्या. जवान कमरेला दोर बांधून दारापर्यंत गेला. त्याचा गणवेश दिसताच माळ्यावर पोती सरकल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. बोटीत दोन तान्ही मुलं होती, प्रवाह ओढत होता. "मी परत येतो काका," असं ओरडून जवानानं बोट वळवली.

शाळेत शेवंताला सांगितलं. ती उठली, पदर खोचला आणि काठावर जाऊन थेट बोटीत बसली.

"मावशी, बायांना घेऊन जायची ऑर्डर नाही," जवान म्हणाला.

"मग घेऊन जाऊ नगंस. मी बसलीया, एवढंच."

जवानानं लांब उभ्या असलेल्या आपल्या वरिष्ठाकडं बघितलं. तो फोनवर बोलत होता. जवानानं गुपचूप आपलं जॅकेट काढून शेवंताला घातलं आणि मोटरची दोरी ओढली. घराची माहिती हवी म्हणून मी चढलो.

गिरणीची पाटी आता पाण्याखाली होती. माळ्याचा झरोका तेवढा वर. जवान हाक मारायला निघाला तसा शेवंतानं त्याला हातानं थांबवलं. ती चौकीत बोलली होती तशीच, अगदी त्याच आवाजात बोलली, "आमचं मालक हितं हाईत का?"

पाण्याचा खळखळाट. एक मेलेली कोंबडी वाहत आली, बोटीला लागून पुढं गेली.

"जोतीराम पाटोळे. हाईत का हितं?" नवऱ्याचं नाव ती सहसा घेत नाही. "म्या घेतल्याबिगर जाणार न्हाय. हाईसा का आत?"

आतून आधी खोकल्यासारखं काहीतरी आलं. मग तो ओरडला. गिरणीच्या घरघरीवरून बोलायचा तोच आवाज, इतक्या महिन्यांनी.

"हाय! हाय गं! मी हाय हितं! शेवंता, मी हितंच हाय!"

तो ओरडतच राहिला. कौलं काढून आम्ही त्याला बाहेर घेतला तरी ओरडत होता. जवानानं पुढं केलेला हात त्यानं धरला नाही. बोटीची कड धरून उतरला आणि शेवंताच्या मागं, जवानाकडं पाठ करून बसला. शाळेत पोचल्यावर जवान म्हणाला, "काका, चहा घ्या." जोतीरामनं कप घेतला. तो थंड होईपर्यंत हातात धरून बसला. प्यायला नाही.

पाणी ओसरल्यावर गिरणीतला गाळ गल्लीनं मिळून काढला. शेवंतानं चौकीतल्या प्रकाराची वर तक्रार केली. जोतीराम नको म्हणत होता. तिनं ऐकलं नाही. दिवाळीच्या आसपास त्याला जबाबाला बोलावलं. मी सोबत गेलो. पहिल्या खेपेला तो कचेरीच्या पायरीवरून परत फिरला. आम्ही तसेच शाहूपुरीपर्यंत चालत आलो. दुसऱ्या खेपेला आत गेला. चौकशी अधिकारी बाई होत्या. त्यांनी त्याला बसायला सांगितलं, मध्ये न तोडता सगळं ऐकलं. तो पार्टिशनबद्दल बोलायला लागला तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "बरं वाटलं का?"

"बाई चांगल्या हाईत," तो म्हणाला. "बोटीवरलं पोरगं बी चांगलं हुतं. आन् मास्तर, त्यो साहेब बी चांगलाच बोलत हुता की." रस्त्यावरून एक सरकारी गाडी गेली. तो भिंतीला चिकटला, गाडी वळेपर्यंत थांबला. "गाडी समद्यांची सारखीच. आत कोण बसलंय ते ती दारात थांबल्याबिगर कळत न्हाय."

चौकशीचा निकाल अजून आलेला नाही. तो साहेब बदली होऊन दुसरीकडं गेला, असं ऐकतो. अनुजाचं शिक्षण पुरं झालं, आता तिलाच सरकारी दवाखान्यात नोकरी लागायची शक्यता आहे. जोतीराम त्यावर हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. परवा दळण घेऊन गेलो तर दोन गिऱ्हाइकं सरकारवरून हमरीतुमरीवर आली होती. पूर्वीच्या सवयीनं मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं माझा डबा घेतला, गहू ओतले आणि गिरणी सुरू केली. मग त्या आवाजात कुणाचंच काही ऐकू येईना.