स्मोल्गाशांचं कूळ

कॅनडातल्या किचनरच्या मराठी मंडळात सुहासिनीबाईंच्या आडनावाची थट्टा सगळ्यांनी करून झाली होती. गणपतीच्या कार्यक्रमात सूत्रसंचालन करणारा दरवर्षी त्या आडनावापाशी अडखळायचा आणि शेवटी नुसतं ‘आपल्या सुहासिनीताई’ म्हणून सुटका करून घ्यायचा. सुहासिनी स्मोल्गाश. मूळची नागपूरच्या पिंपळखुट्यांची मुलगी. सत्तरच्या दशकात रसायनशास्त्रात डॉक्टरेट करायला इकडे आली आणि युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये काच फुंकून उपकरणं घडवणाऱ्या काझिमिएश स्मोल्गाश नावाच्या पोलिश माणसाशी लग्न करून मोकळी झाली. घरी काही दिवस रडारड झाली, मग सगळे निवळले. मूल झालं नाही. त्याचंही रडून झालं, मग दोघंही निवळले. काझिक आणि सुहा, एवढंच घर.

पिंपळखुट्यांच्या रक्तात एक खोड आहे. समोरचा माणूस भेटला की ‘कसे आहात’ विचारायच्या आधी ‘कुठले?’ विचारायचं. मूळ गाव कुठलं, कुलदैवत कुठलं, आणि आडनाव एक निघालं की नातं शोधून काढल्याशिवाय उठायचं नाही. सुहासिनीबाईंच्या नंदूकाकांनी तर उभं आयुष्य घालवून घराण्याचा कुलवृत्तांत छापला होता. कोण कुठून आलं, कोणाच्या पोटी कोण, मुली कुठल्या घरात दिल्या, सगळं त्यात होतं. किचनरला पोस्टाने आलेली प्रत बाईंनी कौतुकाने उघडली आणि स्वतःच्या नावाशी येऊन थबकल्या. ‘सुहासिनी. कॅनडा. पती काझिमिएश. सासरचे कूळ: माहिती नाही.’

हे ‘माहिती नाही’ त्यांना फार लागलं. जसं काही त्या रस्त्यावरच्या कुणाचा तरी हात धरून निघून गेल्या होत्या.

तेव्हापासून त्यांनी स्मोल्गाशांच्या मुळाचा ध्यास घेतला. सासरे स्टानिस्वाफ तेव्हा हयात होते. महायुद्धानंतर जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीतून बायको आणि लहानग्या काझिकला घेऊन ते कॅनडात आले, एवढं त्यांनी सांगितलं होतं. ‘पण पपा, तुमचं गाव कुठलं?’ असं विचारलं की ते उठायचे आणि ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसायला जायचे. उन्हाळ्यात बर्फ नसायचा, तर झाडू घेऊन जायचे. सासूबाई प्लेटमध्ये आणखी एक पिएरोगी, त्यांची ती उकडलेली करंजी, वाढायच्या. काझिकला विचारलं तर तो म्हणायचा, “मी लहान होतो गं सुहा, मला काय आठवणार?” बाईंना वाटायचं, युद्धाने पोळलेली माणसं आहेत, बोलवत नसेल.

मग त्यांनीच पुस्तकं चाळली, पुढे इंटरनेट आल्यावर तेही उलटंपालटं केलं. त्यातून हाती लागलं ते असं, की स्मोल्गाश म्हणजे बहुधा डांबर काढणारे. जंगलात पाइनच्या मुळ्या मातीच्या भट्टीत धुमसत ठेवायच्या आणि खाली निथळणारं काळं डांबर गाडीच्या चाकांना वंगण म्हणून विकायचं. आडनाव इतकं विरळ, की आज पोलंडमध्ये मोजकी घरं उरलीत आणि कॅनडात तर दोनच. एक यांचं. दुसरं व्हँकुव्हरला कुणा हालिनाचं. बाईंनी ही बातमी काझिकला हौसेने सांगितली, फोन करूया म्हणाल्या. काझिकने काटा-चमचा खाली ठेवला. “नको,” तो म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याने बायकोला इतक्या कोरड्या आवाजात कधी नाही म्हटलं नव्हतं. बाईंनी विषय सोडला. त्यांनी तिथेच विचार करायला हवा होता, पण तो त्यांनी केला नाही.

पुढे काझिकची स्मृती जाऊ लागली. आधी गाडीच्या किल्ल्या, मग गल्ल्या, मग इंग्रजी. हो, इंग्रजीच. पन्नास वर्षं ज्या भाषेत दोघांनी संसार केला, भांडणं केली, लाड केले, ती भाषा त्याच्या डोक्यातून पाण्यासारखी वाहून गेली आणि तळाशी उरलं बालपणीचं पोलिश. बाईंना पोलिश येत नव्हतं. खाण्याचे चार शब्द आणि ‘देवाचे आभार’, इतकंच. शेवटी तो नर्सिंग होममध्ये गेला आणि बाई रोज जाऊन त्याच्या उशाशी बसू लागल्या.

दुपार कलली की त्याची तगमग सुरू व्हायची. तो चादर मुठीत धरून बोलत सुटायचा, विनवायचा, रडायचा. बाईंनी फोनवर भाषांतर करणारं ॲप लावून पाहिलं. दात काढून ठेवलेल्या तोंडातली ती पुटपुट ॲपला काही उमगेना. पोलिश चर्चमधल्या दोन बायका मोठ्या मायेने आल्या. त्यांना बघताच काझिकने भिंतीकडे तोंड केलं आणि त्या जाईपर्यंत वळला नाही. बाईंना त्याच्या बोलण्यातला एकच शब्द कळायचा. स्मोल्गाश. स्मोल्गाश, स्मोल्गाश, पुन्हा पुन्हा, हात जोडल्यासारखा.

मग त्याने खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले, आता फार दिवस नाहीत, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या.

“अरुणा, तो आपल्या माणसांना हाक मारतोय,” बाई मैत्रिणीला म्हणाल्या. अरुणा रिटायर्ड डॉक्टर, मंडळाच्या पहिल्या पिढीतली. दोघी नर्सिंग होमच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत हीटर लावून बसल्या होत्या.

“सुहास, त्याचं आपलं माणूस तूच आहेस. यू आर हिज फॅमिली.”

“मी काय कामाची? तो रडतो आणि मी नुसतं ‘येस डार्लिंग, येस डार्लिंग’ करते. अगं, मला त्याचं रडणंसुद्धा कळत नाही.” बाईंचा आवाज फाटला. “घाबरून मरतोय तो, अरुणा. मला दिसतंय. कोणीतरी त्याच्या भाषेत त्याला नुसतं म्हणावं की बाबा, आम्ही आहोत, आपण एकाच कुळातले. तेवढं झालं की मी त्याला जाऊ देईन.”

“त्याने एकदा नको म्हटलं होतं ना तुला?”

“तेव्हा शहाणा होता. आता हाक मारतोय.”

अरुणाने वायपर चालू केले आणि बाईंना घरी सोडलं. घरी पोचताच बाईंनी व्हँकुव्हरला फोन लावला.

हालिनाबाई सत्तरीच्या. सुहासिनीबाईंनी सवयीने पहिला प्रश्न टाकला, तुमचं मूळ गाव कुठलं? मग सासऱ्यांचं नाव सांगितलं, स्टानिस्वाफ, वडील युझेफ, आई रोझालिया. कॅनडाच्या कागदांवर एवढं तरी होतं. पलीकडे हालिनाबाई रडू लागल्या. युझेफ आणि रोझालिया म्हणजे त्यांचे आजी-आजोबा, आणि स्टानिस्वाफ, घरचा स्टाख, त्यांचा सख्खा काका, युद्धात जर्मनांनी मजुरीला नेला तो परत आलाच नाही. हालिनाचे वडील म्हातारपणापर्यंत रेडिओवर हरवलेल्यांची नावं वाचायचे त्या कार्यक्रमाला कान लावून बसायचे. भाऊ सापडेल म्हणून. आणि तो इथे कॅनडात राहिला, म्हातारा झाला, त्याला मुलगाही होता!

सुहासिनीबाईही रडल्या. बघा, त्या स्वतःशी म्हणाल्या, आडनाव एक म्हणजे भाऊबंदच. नंदूकाका असते तर त्यांनी पेढे वाटले असते.

हालिनाबाई त्याच आठवड्यात आल्या. अरुणाने त्यांना टोरांटोच्या विमानतळावरून आणलं. त्यांनी आपल्या वडिलांचा फ्रेममधला फोटो आणला होता, स्टाखच्या फोटोशेजारी ठेवायला, आणि वाटभर त्या तो बोटाने पुसत होत्या. सुहासिनीबाईंनी काझिकची दाढी करवून घेतली, निळा स्वेटर घातला, उशीला टेकवून बसवलं. पन्नास वर्षांत प्रथमच सासू-सासऱ्यांखेरीज सासरचं कोणी माणूस येणार होतं.

हालिनाबाई पलंगाशी वाकल्या, त्याचा हात हातात घेतला आणि पोलिशमध्ये बोलल्या. त्यात स्मोल्गाश होतं, स्टाख होतं.

काझिकने हात हिसकून घेतला. तो मागे सरकत सरकत भिंतीला जाऊन चिकटला, चादर हनुवटीपर्यंत ओढली, आणि बोलू लागला. पुटपुटणं नव्हतं आता. लहान पोराच्या पातळ आवाजात, भरभर, श्वास न घेता. हालिनाबाईंचा चेहरा उतरत गेला. त्यांनी हातातली फ्रेम पालथी घातली, उठल्या आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकल्या.

“काय म्हणाला?” सुहासिनीबाई मागोमाग गेल्या. “सांगा ना. काय म्हणाला तो?”

“तो म्हणतोय, आम्ही त्याला मारलं नाही.” हालिनाबाईंनी डोळे मिटून घेतले. “म्हणतोय, तो माणूस रस्त्याच्या कडेला आधीच मेलेला होता. आम्ही त्याचे बूट घेतले नाहीत. नुसते कागद घेतले. बाबांनी खड्डा खणला, क्रॉस लावला. आम्हाला रशियाला परत पाठवू नका.”

सुहासिनीबाईंना कळायला थोडा वेळ लागला, पण हालिनाबाईंनी त्याचं उरलेलं बोलणं सांगितलं तसं सगळं जुळत गेलं. काझिकचे आईवडील पोलिशच, पण सीमेपलीकडच्या, रशियाच्या ताब्यातल्या गावचे. युद्ध संपल्यावर तसल्यांना धरधरून परत पाठवत होते, आणि तिकडे काय वाट्याला येईल ते ते ओळखून होते. म्हणून मेलेल्या एका माणसाचं नाव अंगावर चढवून ते निघाले. पोराला पढवलं, कोणी विचारलं तर स्मोल्गाश म्हणायचं. रोज दुपारी तो कोणाला हाक मारत नव्हता. तो कोणा अधिकाऱ्यापुढे उभा होता आणि पढवलेला धडा म्हणत होता. आणि ज्या खऱ्या स्मोल्गाशांची धास्ती त्याने जन्मभर उराशी बाळगली, त्यांतलं एक माणूस बायकोने हौसेने विमानाने आणून त्याच्या पलंगाशी उभं केलं होतं.

“मी आणलं,” बाई म्हणाल्या. त्या तिथल्याच खुर्चीत बसल्या. “मीच आणलं तुम्हाला.”

हालिनाबाईंनी त्यांना धीर दिला नाही. त्या संतापल्या होत्या, आणि का नसाव्यात? “माझे वडील मरेपर्यंत रेडिओला चिकटून होते,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सासऱ्याने एक ओळ लिहिली असती, नाव न घालता, की तुमचा भाऊ अमुक ठिकाणी पुरलाय, तर माझ्या बापाने एक मेणबत्ती लावली असती आणि मोकळा झाला असता. एवढंही केलं नाही.” त्यांनी कोटाची बटणं लावायला घेतली. सुहासिनीबाईंना सासरे झाडू घेऊन ड्राइव्हवेवर उभे दिसत होते, आणि त्यांचा राग येत होता, आणि कीवही.

आतून काझिकचा आवाज आला. आता तो सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणत होता. स्मोल्गाश. युझेफ. रोझालिया. पुन्हा पहिल्यापासून. स्मोल्गाश. युझेफ. रोझालिया.

हालिनाबाईंचे हात बटणावर थांबले. “माझ्या आजीचं नाव घेतोय,” त्या म्हणाल्या. “माझ्या घरात आता कुणाला तिचं नाव माहीत नाही. माझ्या मुलांनाही नाही.”

मग कोट न काढताच आत गेल्या. पलंगाशी वाकल्या नाहीत, बसल्या नाहीत. ताठ उभ्या राहून, करड्या सरकारी आवाजात त्यांनी काहीतरी विचारलं. काझिकने उत्तर दिलं. त्यांनी आणखी विचारलं, त्याने आणखी उत्तर दिलं. शेवटी त्यांनी मान डोलावली आणि एकच वाक्य म्हटलं. काझिकच्या मुठीतली चादर सुटली. त्याने सुहासिनीबाईंकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

“मी त्याला म्हटलं, कागद तपासले, सगळं बरोबर आहे, तुम्ही स्मोल्गाश आहात, इथे राहू शकता,” हालिनाबाई इंग्रजीत म्हणाल्या. त्यांचा सरकारी आवाज आता धड राहिला नव्हता. “तो विचारतोय, हिचे कागद पण आहेत ना?”

“मग?”

हालिनाबाई काझिककडे वळल्या आणि त्याला काहीतरी सांगितलं. त्यात स्मोल्गाश होतं.

काझिक उशीवर मागे टेकला. त्या दुपारी तो रडला नाही. बाईंनी त्याला सूप पाजलं, चार-पाच चमचे त्याने घेतलेही. आता त्याचे फार दिवस उरले नव्हते, हे बाईंना त्या चमच्यांवरूनच कळलं. पण त्याचे डोळे निवलेले होते, आणि ते डोळे तसे शेवटचे कधी पाहिले होते ते त्यांना आठवेना.

हालिनाबाई खिडकीशी उभ्या होत्या. “आता भीती गेलीय त्याची,” त्या हळूच म्हणाल्या. “विचारू का? त्याचं खरं आडनाव काय होतं ते? सांगेल. उद्या कदाचित सांगणार नाही.”

सुहासिनीबाई इतकी वर्षं याच प्रश्नामागे होत्या. एक शब्द, एक गाव, आणि त्यांचं सासर त्यांना सापडलं असतं. आत्ता नाही तर पुन्हा कधीच नाही, हे त्यांना लख्ख माहीत होतं. त्यांनी काझिककडे पाहिलं. तो पडल्या पडल्या त्यांचाच हात धरून होता.

“नको,” त्या म्हणाल्या. “पुन्हा कोणी त्याला नाव विचारायला नको.”

रविवारी तो गेला. हालिनाबाई थांबल्या होत्या. त्यांनी दफनाच्या वेळी दोन मेणबत्त्या लावल्या, दुसरी कोणासाठी ते सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. घरी आल्यावर अरुणाने चहा टाकला. बाईंनी कपाटातून नंदूकाकांचं पुस्तक काढलं, आपलं पान उघडलं आणि अरुणापुढे ठेवलं.

“काकांवर मी किती वर्षं रागावले होते,” त्या म्हणाल्या. “बघ ना, त्यांनी बरोबरच लिहिलं होतं.”