आजोबांना मी फोटोंच्या रांगेत बसवलं

मंडळी, आज बोरिवलीत एका गल्लीत मेक्सिकोसारखा मृतांचा उत्सव होता. टेबलावर गेलेल्यांचे फोटो, झेंडू, आवडीचा खाऊ. आपला पितृपक्षच म्हणा! मी वही उघडून चित्र काढायला बसले.

टेबलामागे एक आजोबा इतके शांत बसले होते, की माझ्या चित्रात ते फोटोंच्या रांगेतच जाऊन बसले. वर झेंडूची माळ!

त्यांची सून डोकावून म्हणाली, "काय हो काकू, आमच्या पप्पांना पण पाठवलंत वर?"

जित्याजागत्या माणसाला हार! मी घाईघाईने खोडरबर शोधू लागले.

"खोडू नका," आजोबा म्हणाले. चित्रात त्यांच्या शेजारी त्यांच्या बायकोचा फोटो आला होता. "घरात सगळ्यांचे फोटो मीच काढायचो. आमचा दोघांचा एकत्र एकही नाही."

मी पान फाडून त्यांना दिलं. त्यांनी बायकोच्या फोटोपुढची एक नानकटाई माझ्या हातावर ठेवली. "घ्या, तिला आवडायची."

कुठेही न शिकलेल्या या हाताचं आज सोनं झालं हो!

तुमच्या घरात सगळ्यांचे फोटो कोण काढतं? आज त्या माणसाला जोडीदाराशेजारी बसवा आणि मोबाईल तुम्ही हातात घ्या.